पूल ते पाणचक्की

१

"झोप लागण्याआधीचं शेवटचं काय आठवतं?"

"डोक्यावरचा गोल दिवा. आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान खोल श्वास घ्या."

"जाग आल्यावरचं पहिलं?"

"घसा कोरडा पडलेला. हिचा चेहरा."

"आणि या दोन्हींच्या मधलं काही?"

या तिसऱ्या प्रश्नाला सगळे 'नाही' म्हणतात. मानसतज्ज्ञ तरुणीने तो आजवर इतक्या पेशंटना विचारला होता की उत्तर येण्याआधीच तिचं पेन 'नाही'वर जाऊन टेकलं.

खाटेवरचे घड्याळजी मात्र 'नाही' म्हणाले नाहीत. बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, बोलणं मोजकं, नजर बारीक. कालच त्यांचं पित्ताशय काढलं होतं.

"मधलं आठवतं," ते म्हणाले. "नाव पुलाखालून गेली तिथपासून. मग गाई पाण्यात उतरल्या. नावाड्याने वल्हं आत ओढून घेतलं. पाणचक्कीचा आवाज यायला लागला आणि संपलं. बाई, तो आवाज तुमचाच होता की."

तिच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

भुलीखालच्या माणसाच्या कानात शब्द शिरतात का, याचा शोध त्या रुग्णालयात चालला होता. पेशंट झोपला की कानावर हेडफोन चढवायचे. दुर्बिणीचा कॅमेरा पोटात गेला की टेप सुरू करायची. टेपवर एक साधी गोष्ट होती, नदीतून जाणाऱ्या एका नावेची. ती तिनेच लिहिली होती, तिनेच वाचली होती. छापलेली कुठेच नव्हती आणि हेडफोनबाहेर तिचा एक शब्दही कुणाला ऐकू जात नसे.

"आणखी काय आठवतं?" तिने कसंबसं विचारलं.

"आणखी काय असणार?" घड्याळजी छताकडे बघत म्हणाले. "पोटात काय चाललंय ते सगळं कळत होतं. सगळं."

ती तशीच उठून ऑपरेशन थिएटरकडे धावली. प्रत्येक ऑपरेशनभर पेशंटच्या मेंदूच्या लहरी एका यंत्रात साठवल्या जात. माणूस जागा झाला असेल तर तिथे दिसणारच. तिने यंत्र चालू केलं. आधीच्या पेशंटच्या लहरी होत्या. नंतरच्या पेशंटच्या होत्या. घड्याळजींच्या तेवढ्या कुणीतरी पुसून टाकल्या होत्या.

२

माणसांवर प्रयोग होतात तिथे बाहेरची चार माणसं लक्ष ठेवायला लागतात. या रुग्णालयाच्या समितीत एक निवृत्त न्यायाधीश होत्या. सगळे त्यांना न्यायाधीशबाई म्हणत. वैद्यकातलं त्यांना फारसं कळत नसे आणि ते त्या लपवतही नसत. "मला पाच वर्षांच्या मुलाला सांगतात तसं सांगा," असं म्हणून त्यांनी भल्याभल्यांना घाम फोडला होता.

चौकशी त्यांच्याकडे आली. त्या पहिल्यांदा भूलशास्त्राच्या विभागप्रमुखांना भेटल्या.

सरांचं अर्धं आयुष्य एकाच ध्यासात गेलं होतं. भुलीचा वायू न वापरता शिरेतून थेंब थेंब औषध द्यायचं, म्हणजे पेशंट उलट्यांविना, हसत उठतो. दुधासारखं पांढरं औषध, त्याच्या जोडीला वेदनाशामक, दोन्ही पंपाने एकाच नळीतून. अंग हलू नये म्हणून स्नायू लुळे करणारं औषध तेवढं सुरुवातीलाच वेगळं टोचायचं. या संशोधनातही तीच पद्धत वापरली जात होती.

"भास आहे हो," सर म्हणाले. "जाग येताना मेंदू काहीही जुळवतो. मी स्वतः जाऊन त्यांना सांगून आलो, तुम्हाला स्वप्न पडलं."

"आणि नावेची गोष्ट? तीही स्वप्नात?"

सरांनी खांदे उडवले. "ती मुलगी रोज पेशंटच्या खाटेशी बसते. तिच्या संशोधनाला आजवर असा एकही पेशंट मिळालेला नाही. एक मिळाला तर नाव होईल. मी आरोप करत नाही."

"करत नाही म्हणता म्हणता केलात की! बरं, लहरींचं यंत्र कोण कोण उघडू शकतं?"

"तिघं. ती, मी, आणि त्या दिवशी भूल देणारी आमची धाकटी डॉक्टर." सर म्हणाले. "पोर हुशार आहे. पण बाळंतपणानंतर नुकतीच रुजू झालीय. थकते. पंपाकडे क्षणभर दुर्लक्ष झालं असेल, तर मला तिची कीवच येईल."

न्यायाधीशबाई उठल्या. दोन संशयित त्यांच्या हातात अगदी तयार करून दिले होते. कोर्टात त्यांनी असं ताट वाढून दिलेलं पुष्कळदा पाहिलं होतं आणि प्रत्येक वेळी त्यांची भूक मरायची.

३

घड्याळजींच्या बायकोने खुर्ची पुढे केली. "तुम्ही तरी ऐकून घ्या," ती म्हणाली. "इथे येईल तो म्हणतो, स्वप्न होतं. परवापासून हे डोळा मिटत नाहीत. मिटले की दचकतात."

"मी ऐकायलाच आलेय," न्यायाधीशबाई म्हणाल्या. गोष्टीचा लिहिलेला कागद त्या वाचून आल्या होत्या. "नाव तलावातून निघते तेव्हाचं काही आठवतं?"

"कुठला तलाव?" घड्याळजींनी विचारलं. "तलाव नव्हता. पुलाखाली अंधार झाला, तिथपासून मी होतो."

"आणि पाणचक्कीनंतर?"

"काही नाही. दिवा विझवल्यासारखं."

"त्या मधल्या वेळात..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं.

घड्याळजींनी बायकोकडे पाहिलं. ती खिडकीशी जाऊन पाठ करून उभी राहिली, तेव्हा ते बोलले. "दुखत होतं हे सांगून काही उपयोग नाही. दुखणं सगळ्यांना माहीत असतं. पण अंगच आपलं नाही, असं कधी झालंय तुम्हाला? मी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, आणि तिथे मला वेळ म्हणून कळत नव्हती. किती झाली, किती राहिली, काही नाही. फक्त नाव पुढे सरकत होती. मी मनाशी म्हटलं, नावेत बसून राहायचं. खाली उतरायचं नाही."

न्यायाधीशबाई वहीत टिपून घेत होत्या.

"एकदा त्या वाचणाऱ्या बाई खोकल्या," घड्याळजी म्हणाले. "गाई पाण्यात उतरतात ना, तिथे. इतकं बरं वाटलं मला! म्हटलं, चला, कुणीतरी जिवंत माणूस आहे इथे."

न्यायाधीशबाईंनी मान वर केली. "खोकल्या?"

"हळूच. तोंडावर हात धरल्यासारखं."

४

मानसतज्ज्ञ तरुणीची खोली म्हणजे जिन्याखालचं एक कपाटच होतं. न्यायाधीशबाई आत शिरल्यावर दार लावायला तिला स्वतःची खुर्ची टेबलावर चढवावी लागली.

"सर मला काय म्हणत असतील ते ठाऊक आहे," ती म्हणाली. "मी त्यांना गोष्ट पढवली, असंच ना?"

"पढवलीस का?"

"नाही."

"गोष्ट म्हणून दाखव मला. टेपवर वाचलीस तशी."

तिने पाठ म्हटली. तलाव, वळण, पूल, गाई, नावाडी, पाणचक्की, आणि पुढे समुद्रापर्यंत. कुठे अडखळली नाही.

"खोकला विसरलीस," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

"कसला खोकला?"

"गाई पाण्यात उतरतात तिथला."

ती क्षणभर गोंधळली, मग तिचे डोळे मोठे झाले. "रेकॉर्डिंगच्या दिवशी मला सर्दी होती! एकदा ढास लागली खरी. मी तशीच ठेवली. पण हे तुम्हाला... टेप तर थिएटरच्या यंत्रात कुलूपबंद असते."

"मला घड्याळजींनी सांगितलं. तू पढवलं असतंस तर आरंभापासून पढवलं असतंस, मधून नाही. आणि स्वतःला आठवत नसलेला खोकला तू कुणाला पढवणार? त्यांनी टेपच ऐकलीय. म्हणजे ते जागे होते. तू यातून सुटलीस."

तरुणीला सुटकेचा आनंद झालेला दिसला नाही. "म्हणजे ते खरंच सगळं सोसत पडले होते," ती म्हणाली. "आणि मी कानात गाई सांगत होते."

"ते म्हणतात, त्यांना बरं वाटलं."

तिने चेहरा वळवला.

बाहेर वऱ्हांड्यात सर्जन भेटले. गडगडाटी हसणारा माणूस. न्यायाधीशबाईंनी त्या दिवशी वेगळं काही दिसलं का विचारलं, तर त्यांनी हात वर केले. "मी पडद्यावर बघत असतो बाई. डोक्याकडची बाजू माझी नाही. हां, एक गंमत झाली. ऑपरेशन संपल्यावर मोठे साहेब पेशंटच्या हाताजवळची चादर स्वतः गोळा करून धुण्याच्या पिशवीत टाकत होते. इतक्या वर्षांत त्यांना स्वतःचा चहाचा कप उचलताना पाहिलं नाही मी! म्हटलं, आज सूर्य कुठे उगवला?"

"पण त्या दिवशी भूल तर धाकट्या डॉक्टरने दिली ना?"

"हो, तिनेच दिली." सर्जन हसायचे थांबले. "मग साहेब तिथे काय करत होते?"

५

धाकटी डॉक्टर उत्तरं पाठ करून आल्यासारखी बसली होती. पंप नीट चालला. आकडे बरोबर होते. आपण सुरुवातीपासून शेवटपर्यंत पेशंटच्या उशाशी होतो.

"बाळ केवढं आहे गं?" न्यायाधीशबाईंनी मध्येच विचारलं.

"चार महिन्यांचं."

"घरी कोण बघतं?"

"सासूबाई."

"त्या दिवशी लागोपाठ तीन ऑपरेशनं होती तुला. घड्याळजी तिसरे. सकाळपासून जागची हलली नाहीस म्हणतेस. अगं, मीही दोन मुलं वाढवलीत, आणि तेव्हा कोर्टात बसत होते. अंगावरचं दूध काही सुनावणी संपायची वाट बघत नाही. दूध काढायला कधी गेलीस?"

पाठ केलेलं सगळं एका क्षणात सांडलं. ती ओंजळीत तोंड लपवून रडायला लागली.

"सर आत डोकावले होते," ती म्हणाली. "माझा चेहरा बघून म्हणाले, जा, मी बसतो. फार बरं वाटलं मला. पण संशोधनाचा नियम आहे, एका पेशंटला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच डॉक्टरने भूल द्यायची. नंतर सर म्हणाले, कुणाला सांगू नकोस, तो पेशंट अभ्यासातून बाद होईल. मी नाही सांगितलं. आणि आता वाटतं, मी गेले नसते तर..."

"परत आलीस तेव्हा काय दिसलं?"

"नाडी जास्त होती, उतरत होती. मी विचारलं. सर म्हणाले, सर्जनने जरा ओढाताण केली. सगळं ठीक आहे."

न्यायाधीशबाईंनी सरांना पुन्हा गाठलं. त्यांनी कानावर हात ठेवले नाहीत. "बसलो होतो, हो," ते शांतपणे म्हणाले. "तिची अडचण चव्हाट्यावर यायला नको म्हणून बोललो नाही. पण मी बसलो तेव्हा सगळं सुरळीत होतं. पेशंट जागा झालाच असेल, तर माझ्या आधी किंवा माझ्या नंतर. आणि ते आता कसं ठरवणार? लहरी तर गेल्या."

त्यांच्या म्हणण्यात खोट दिसत नव्हती. घड्याळजी जागे झाले होते, एवढं सिद्ध झालं होतं. केव्हा, हे सांगणारं काहीच उरलं नव्हतं.

न्यायाधीशबाई जिना उतरत होत्या. अर्ध्या जिन्यात त्या एकदम थांबल्या, कठडा धरून उभ्या राहिल्या. मागून येणाऱ्या नर्सने विचारलं, "बाई, चक्कर आली का?"

"नाही गं," त्या म्हणाल्या. "सर्जन कुठे भेटतील? आत्ता?"

६

दुसऱ्या दिवशी दुपारी थिएटर रिकामं होतं. टेबलावर पेशंट नव्हता. न्यायाधीशबाईंनी पाच खुर्च्या मांडायला लावल्या होत्या: सर, सर्जन, धाकटी डॉक्टर, मानसतज्ज्ञ आणि त्या स्वतः.

"सर्जनसाहेब, पोटात जाणारा तुमचा कॅमेरा जे बघतो ते साठवून ठेवतो ना?"

"प्रत्येक ऑपरेशनचं. माझ्याच खोलीत असतं. शिकवायला लागतं."

"घड्याळजींचं आहे?"

"हे काय, लावलंय."

"आणि टेप केव्हा सुरू होते?" त्या मानसतज्ज्ञ तरुणीकडे वळल्या.

"कॅमेरा पोटात गेला की त्याच क्षणी. मी स्वतः बटण दाबते आणि बाहेर जाते. एकदाच वाजते, मध्ये थांबत नाही."

"मग आज दोन्ही एकदम सुरू करू या. आणि आज गोष्ट हेडफोनमध्ये नको, मोठ्याने लावू."

पडद्यावर पोटाच्या आतला लालसर, ओला प्रदेश दिसायला लागला, आणि खोलीत एक सौम्य आवाज बोलू लागला. तलावावर धुकं होतं. नाव काठापासून सुटली. सरांनी ही गोष्ट कधी ऐकलीच नव्हती. संशोधन निर्मळ राहावं म्हणून थिएटरातल्या कुणीच ती ऐकायची नाही, हा नियमही त्यांनीच केला होता.

"बाळ," न्यायाधीशबाई धाकट्या डॉक्टरला म्हणाल्या, "तू खोलीतून निघालीस तेव्हा पडद्यावर काय चाललं होतं? घाई नको. दिसलं की सांग."

नाव वळणावरून गेली. चिमट्यांची टोकं हिरवट पिशवीच्या मानेशी पोचली.

"इथे," ती म्हणाली. "पहिला चिमटा बसला आणि मी उठले."

"आता या खुर्चीत सर आहेत," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

पडद्यावर पिशवी यकृतापासून थोडी थोडी सुटत होती. आवाज म्हणाला, समोर दगडी पूल होता, आणि नाव त्याच्या सावलीत शिरली.

मानसतज्ज्ञ तरुणीने डोळे मिटले. इथून पुढे ऐकणारा जागा होता हे तिला आता माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. खोलीतला प्रत्येक माणूस तो कोवळा आवाज ऐकत होता आणि पडद्यावर काय कापलं जातंय ते बघत होता. सर्जनने मान खाली घातली. गाई पाण्यात उतरल्या. एक दबलेला खोकला आला. नावाड्याने वल्हं आत ओढून घेतलं.

"बंद करा ते," सर म्हणाले.

"पाणचक्की यायची आहे अजून."

"बंद करा!"

न्यायाधीशबाईंनी टेप चालूच ठेवली. पाणचक्कीचा आवाज आला. पुढे नाव बरीच लांब गेली, तेव्हा कुठे सर्जनच्या चिमट्याने पिशवी बाहेर ओढायला घेतली. "मी आत आले ती इथे," धाकटी डॉक्टर म्हणाली. तिचा आवाज जेमतेम ऐकू आला.

तेव्हा न्यायाधीशबाईंनी टेप थांबवली. "घड्याळजी पुलापाशी जागे झाले आणि पाणचक्कीपाशी झोपले. दोन्ही ठिकाणी उशाशी तुम्हीच होतात, सर. तिच्या वेळात नाही, तुमच्या आधी नाही, नंतर नाही. चादरीला काय लागलं होतं?"

सरांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं.

"औषध," ते शेवटी म्हणाले. "मी बसताना पंपाचा स्टँड माझ्याकडे ओढला. नळीला हिसका बसला असणार. पेशंटचा हात चादरीखाली बांधलेला, नळीचा सांधा सुटला ते दिसलंच नाही. पंप इमानदारीत चालू होता, औषध गादीत जात होतं. लहरींचा आकडा चढला, पण सर्जनच्या विजेच्या चाकूने तो नेहमीच उड्या मारतो. नाडी वाढली. मी पंपाचा वेग वाढवला. गादीलाच आणखी पाजलं! मग चादर वर केली तर सगळं पांढरं. सांधा जोडला, मोठा डोस दिला."

"आणि लहरी?"

"मीच पुसल्या. वाटलं, त्यांना काही आठवणार नाही. बहुतेकांना आठवत नाही. आणि एका निसटलेल्या सांध्यापायी ही पद्धतच बदनाम झाली असती. किती लोकांना बरं वाटलंय तिने." त्यांनी धाकट्या डॉक्टरकडे बघायचा प्रयत्न केला, पण नजर तिच्यापर्यंत पोचली नाही. "तुझं नाव घ्यायचं माझ्या मनात नव्हतं."

"पण घेतलंत, सर," ती म्हणाली. रडली नाही. उठून तिने पडदा बंद केला.

७

समितीने संशोधन थांबवलं. पुढे ते दुसऱ्या प्रमुखांच्या हाताखाली पुन्हा सुरू झालं, तेव्हा नवा नियम होता: ज्या हाताला नळी आहे तो हात उघडा, डोळ्यांसमोर. धाकट्या डॉक्टरवरचा ठपका निघाला. नियम मोडून गप्प बसल्याची समज तिला मिळाली, आणि ती तिने मान वर ठेवून ऐकली. सरांनी राजीनामा दिला. पण त्याआधी न्यायाधीशबाईंनी त्यांच्याकडे एक गोष्ट मागितली, जी कुठल्याही समितीला सक्तीने मागता आली नसती.

घड्याळजी घरी जायच्या तयारीत होते. बायको पिशवी भरत होती. सर दारात उभे राहिले, आत येऊ की नको अशा बेताने. न्यायाधीशबाई मागे थांबल्या.

"मी तुम्हाला सांगितलं होतं की ते स्वप्न होतं," सर म्हणाले. "ते खोटं होतं. तुम्ही जागे होता. नळी माझ्या हातून सुटली आणि मी ते लपवलं."

बायकोच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. तिचा चेहरा लाल झाला, आणि ती काहीतरी बोलणार होती. घड्याळजींनी हात वर करून तिला थांबवलं.

"खुर्ची घ्या," ते म्हणाले. "मला एक विचारायचंय."

सर बसले.

"मी आत ओरडत होतो, डॉक्टर. जीव खाऊन. बोट हलेना, पापणी हलेना. तुम्ही माझ्या डोक्याशी बसला होता. तुम्हाला काहीच कळलं नाही?"

सरांना आता खोटं बोलायचं नव्हतं आणि बरं वाटेल असं काही त्यांच्याजवळ नव्हतं. "तुमचं ओरडणं नाही कळलं," ते म्हणाले. "तुमची नाडी वाढत होती. ती दिसत होती मला. आधी मी भलतंच समजलो. पण ती खाली येईना. वाढतच राहिली. सोडीचना. म्हणून शेवटी चादर वर करून बघितली."

"नाडी वाढली म्हणून?"

"तेवढ्यासाठीच. नाहीतर मी उठलो नसतो."

घड्याळजींनी आपलं मनगट दुसऱ्या हाताच्या बोटांत धरलं आणि काही वेळ तसंच धरून ठेवलं. मग ते बायकोकडे वळले.

"ऐकलंस?" ते म्हणाले. "म्हणजे हाक पोचली होती."